बिलावर फुल्ली सिंथेटिक, इंजिनात बॅरलमधले तेल

सिंहगड रस्त्याच्या परिसरातील एका मल्टिब्रँड गॅरेजने माझ्या एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल गाडीच्या सर्व्हिसिंगचे जे बिल दिले, त्यात ‘फुल्ली सिंथेटिक इंजिन ऑइल’ एवढ्या एका ओळीपोटी साडेचार हजार रुपये लावले होते. प्रत्यक्षात इंजिनात ओतले होते ते जुन्या डिझेल गाड्यांत चालणारे, बॅरलमधले जाड खनिज तेल. हे मी संशयावरून लिहीत नाही, माझ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल आहे. गॅरेजचे नाव मात्र येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, आणि वाचणाऱ्याला नावापेक्षा या फसवणुकीची पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

वॉरंटी संपल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून बाहेर काम करून घेण्यात गैर काहीच नाही. पुण्यात चांगले, प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत. या गॅरेजमध्येही रॅम्प होते, स्कॅनर होता, जॉबकार्ड होते आणि ग्राहकाला बसायला काचेची वातानुकूलित खोली होती. फोरमनने सीलबंद कॅन काउंटरवर मांडून दाखवले आणि ‘‘काका, तुम्ही आत बसा, चहा सांगतो,’’ म्हणून मला त्या खोलीत बसवले. काचेतून गाडीचे तोंड दिसत होते. पण बॉनेट उघडल्यावर त्यामागे काय चालले आहे ते दिसत नव्हते. गाडी परत घेताना रिकामे कॅन डिकीत ठेवलेले होते, म्हणजे पुरावाही हाती आला असे कोणालाही वाटावे.

तेल बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी इंजिन सुरू करताना टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) टकटक आवाज येऊ लागला आणि तो पूर्वीपेक्षा बराच वेळ टिकू लागला. मायलेज उतरले. कात्रजचा घाट चढताना, गिअर वरचा आणि आरपीएम कमी असताना, इंजिनातून एक कोरडा ठोका ऐकू आला. तो एकदाच आला. पण या जातीच्या इंजिनात तो ठोका दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. फोन केला तेव्हा फोरमनचे उत्तर तयार होते: ‘‘काका, टर्बोला जाडच तेल लागतं. पाण्यासारखं पातळ टाकलं तर इंजिनाचं काम निघेल.’’

हे वाक्य पुण्यातल्या कितीतरी गॅरेजांत ऐकू येते, आणि सगळी फसवणूक याच समजुतीच्या आडोशाने चालते, म्हणून ते चूक का आहे हे नीट सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि बेअरिंगमध्ये तो धातूवर टेकलेला नसतो, तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतो. तेच तेल त्या दांड्याची उष्णताही वाहून नेते. थंड इंजिन सुरू होताना हा थर किती लवकर तयार होतो, यावर टर्बोचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते, आणि जाड तेल तिथे उशिरा पोहोचते. बेअरिंगमधल्या फटी, तेलाच्या पंपाचा दाब, व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा हे सारे उत्पादकाने विशिष्ट तेल धरून बेतलेले असते. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिले आहे. यात ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा गरम इंजिनातला जाडपणा. पुण्याच्या हवेत ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतला फरक फारसा जाणवणार नाही हे खरे, कारण इथला कडाक्याचा हिवाळादेखील तेल गोठवणारा नसतो. पण मॅन्युअलमधल्या ग्रेडऐवजी २०डब्ल्यू-४० घालणे ही पूर्णपणे निराळी गोष्ट आहे.

जाडपणाहून महत्त्वाची बाब तेलातल्या रसायनांची आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त भार असताना, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. तंत्रज्ञ याला ‘लो स्पीड प्री-इग्निशन’ म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीवरचे पेट्रोलमिश्रित तेलाचे थेंब हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. तेलात मळ धुण्यासाठी जे डिटर्जंट घालतात, ते कॅल्शियमचे असले तर हा प्रकार वाढतो, मॅग्नेशियमचे असले तर तसा वाढत नाही. जोराचा एखादा स्फोटदेखील पिस्टनच्या रिंगांमधली कड फोडू शकतो. यामुळेच तेलांचे वर्ग ठरवणाऱ्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेने २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि मे २०२० पासून ‘एसपी’ ही मानके आणली आणि त्यांत या दोषाची स्वतंत्र चाचणी घातली. डिझेल इंजिनासाठीच्या तेलांत कॅल्शियम भरपूर असते, कारण तिथली गरज वेगळी आहे. ते तेल वाईट नसते. ते चुकीच्या इंजिनात घातलेले असते.

फोरमनच्या उत्तरानंतर मी डिकीतले कॅन बाहेर काढले आणि उन्हात नीट पाहिले. नुकत्याच उपडे केलेल्या तेलाच्या कॅनच्या तळाशी काही दिवस तरी तेलाचा ओघळ साचत राहतो. यातल्या दोन कॅनच्या तोंडात बोट फिरवले तर बोटाला तेल लागलेच नाही, राखाडी धूळ लागली. झाकणाखालचे सील तुटल्यावर जी कडी मानेभोवती राहते, ती एका कॅनवर नव्हतीच. सर्व कॅन एकाच खोक्यातले असते, तर त्यांवरचे बॅच क्रमांक बहुधा एकच असते. इथे क्रमांकच नव्हे तर उत्पादनाचे महिनेही वेगवेगळे होते. शिवाय गाडीला लागते साधारण साडेतीन लिटर आणि बिल होते पूर्ण चार लिटरचे. उरलेले अर्धा लिटर तेल माझ्या हाती कधीच आले नव्हते. थोडक्यात, ते कॅन माझ्या आधी आणखी कोणाच्या तरी सर्व्हिसिंगचे ‘पुरावे’ होऊन गेले असावेत.

मग दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिककडून डिपस्टिकच्या नळीतून तेलाचा नमुना काढून घेतला, दोन स्वच्छ बाटल्यांत भरला, त्यातली एक बाटली त्याच्या सहीसह सीलबंद करून ठेवली आणि दुसरी भोसरीच्या बाजूच्या एका खासगी तेल-परीक्षण प्रयोगशाळेत दिली. अहवाल एका पानाचाच होता. १०० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता, म्हणजे जाडपणा, १४.२ सेंटिस्टोक निघाली. तेलाचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई मानकानुसार २० ग्रेडच्या तेलाची ती ६.९ ते ९.३ च्या दरम्यान असावी लागते, आणि १२.५ ते १६.३ हा पट्टा ४० ग्रेडचा आहे. तापमानाबरोबर तेल किती पातळ होते हे दाखवणारा श्यानता निर्देशांक ११८ होता. चांगल्या ०डब्ल्यू-२० तेलात तो १६० च्या पुढे असतो. कॅल्शियम २,९०० पीपीएम (दहा लाख भागांत २,९०० भाग) आणि मॅग्नेशियम नगण्य. म्हणजे आकडे सरळ २०डब्ल्यू-४० जातीच्या खनिज तेलाकडे बोट दाखवत होते.

हा कागद पुढे ठेवल्यावर मालकांनी आधी ‘‘तेल चालून चालून घट्ट होतंच, साहेब,’’ असे सांगितले. ही सबब इतरांनाही ऐकवली जाईल, म्हणून तिचेही उत्तर देऊन ठेवतो. तेल फार काळ न बदलता चालवले तर उष्णतेने आणि काजळीने ते घट्ट होते, हे खरे. पण काही शे किलोमीटर चाललेल्या पेट्रोल गाडीत, त्यातही शहरातल्या तुटक फेऱ्यांत, तेलात थोडे पेट्रोल उतरते आणि ते पातळच होते. २० ग्रेडचे तेल इतक्या अंतरात ४० ग्रेडचे होत नाही. आणि वापराने कॅल्शियम कुठून वाढणार? यावर मालकांचा सूर बदलला, ‘‘नवीन पोराकडून चूक झाली,’’ असे निघाले आणि फक्त तेलाचे पैसे परत देऊ केले. पुन्हा तेल व फिल्टर बदलण्याचा, तपासणीचा आणि इंजिन उघडून पाहावे लागले तर त्याचा खर्च ते मान्य करेनात. सही करून ‘तक्रार मिटली’ असे लिहून देण्याची अटही होती. मी पैसे घेतले नाहीत.

ज्यांच्या गाडीचे सर्व्हिसिंग जवळ आले आहे, त्यांनी बिलावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द शून्य किमतीचा समजावा. त्या एका शब्दावर कोणाला जबाबदार धरता येत नाही. बिलावर कंपनी, ग्रेड, एपीआय वर्ग, गाडीच्या उत्पादकाने स्वतःचे मानक दिले असेल तर तो क्रमांक आणि कॅनचा बॅच क्रमांक, एवढे लिहून मागावे. उत्पादकाच्या मानकाचे एक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनचे ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० तेलांसाठीचे मानक. कॅनच्या मागच्या लेबलावर ‘अप्रूव्हल’ या मथळ्याखाली असा क्रमांक असेल तर उत्पादकाने ते तेल तपासून मान्यता दिलेली असते. ‘मीट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ असे असेल तर तो फक्त तेलवाल्याचा दावा असतो. एपीआयच्या गोल चिन्हात वरच्या अर्ध्यात वर्ग आणि मधोमध ग्रेड असते, आणि कोणत्या तेलाला परवाना आहे हे एपीआयच्या संकेतस्थळावर शोधता येते. वरच्या कडेत ‘एस’ने सुरू होणारा वर्ग नसून फक्त ‘सी’ने सुरू होणारा असेल, तर ते पेट्रोल गाडीसाठी नाही. दुचाकीचे तेल स्वस्त मिळते म्हणून कारमध्ये ओतणारेही आहेत. जेएएसओ एमए किंवा एमए२ असे जपानी मानक लिहिलेले तेल दुचाकीच्या ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचसाठी असते.

चहा नंतर प्यावा. जुने तेल काढताना, ड्रेन प्लग लागताना आणि प्रत्येक कॅनचे सील तुटताना गाडीपाशी उभे राहावे. त्याला कोणी हरकत घेतली तर गाडी तशीच बाहेर काढावी. उरलेले तेल मागून घ्यावे, ते टॉप-अपला उपयोगी पडते. आणि रिकामे कॅन भंगारवाल्याला किंवा गॅरेजला तसेच देऊ नयेत. स्क्रूड्रायव्हरने तळाला भोक पाडून, लेबल फाडून मगच द्यावेत, कारण नकली तेल भरणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती खऱ्या कॅनची.

तक्रारीचे म्हणाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यावर गॅरेजकडून पुन्हा तेच उत्तर आले, म्हणून पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, मोबदला, म्हणजे मालासाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग ती मुदत फार तर १५ दिवसांनी वाढवू शकतो. माल सदोष असल्याचे चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दुसरी सीलबंद बाटली मी त्यासाठीच राखून ठेवली आहे; जॉबकार्ड, बिल, कॅनचे फोटो आणि अहवाल तक्रारीला जोडले आहेत. गाडीत आता योग्य ग्रेडचे तेल आहे, सकाळचा आवाज गेला आहे. पिस्टनला काही इजा झाली आहे का, हे मात्र कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, तपासणी झाल्यावरच कळेल आणि तो आकडाही तक्रारीत जोडला जाईल.