परदेशी सेवेवर निघण्यापूर्वीचे सुरक्षा-प्रशिक्षण : एका निवासी शिबिराचे परीक्षण

परदेशात सेवाकार्यासाठी जाणाऱ्या मिशनरींनी धोक्याच्या काळात स्वतःला कसे जपावे, हे शिकवणारे एक निवासी शिबिर माझ्या पत्नीने आणि मी नुकतेच पूर्ण केले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिचे काही प्रशिक्षक आजही अशा देशांत सेवा करतात, जिथे त्यांची ओळख उघड होणे धोक्याचे आहे.

शिबिराचा सारा भर एका गोष्टीवर आहे : कधी निघायचे, हे शांततेच्या काळातच कागदावर ठरवून ठेवायचे. दूतावासाने आपल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे मायदेशी पाठवणे, बँकेतून रोकड मिळेनाशी होणे, शेजाऱ्यांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद करणे, अशा खुणांची यादी प्रत्येक कुटुंबाकडून करून घेतात. आणि कोणती खूण दिसली की घरातच थांबायचे, कोणती दिसली की त्याच देशातल्या सुरक्षित शहरात हलायचे आणि कोणती दिसली की देश सोडायचा, हे प्रत्येक खुणेपुढे लिहावे लागते. ‘विमानतळ बंद झाला की निघू’ असे लिहिणाऱ्या एका जोडप्याचा कागद प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे परत केला, कारण तोवर निघण्याची वाटच बंद झालेली असते.

प्रवासाविषयीचे सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. 19 जुलै 2007 रोजी अफगाणिस्तानात काबूल-कंदाहार रस्त्यावर दक्षिण कोरियाच्या मंडळीतील (चर्चमधील) 23 जणांची बस तालिबानने अडवली आणि त्यांपैकी दोघांना ठार मारले. 16 ऑक्टोबर 2021 रोजी हैतीमध्ये अनाथाश्रमाला भेट देऊन परतणाऱ्या 17 जणांना टोळीने पळवले, त्यांत लहान मुलेही होती. दोन्ही वेळी माणसे रस्त्यावर आणि एकाच वाहनात सापडली. म्हणूनच संपूर्ण गट एका गाडीत न बसवणे, जाण्यायेण्याची वेळ व वाट बदलत राहणे आणि निघताना व पोहोचल्यावर ठरलेल्या व्यक्तीला कळवणे यांचा सराव इथे कंटाळा येईपर्यंत करून घेतात, आणि तो तसाच करून घ्यायला हवा. तपासनाक्याचा सराव रात्री होतो. गाडीचा वेग आधीच कमी करायचा, पुढचे दिवे मंद करून आतला दिवा लावायचा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि कागदपत्रे काढण्याआधी हात कुठे नेत आहोत हे तोंडाने सांगायचे. माझ्या पत्नीने न सांगता पर्सकडे हात नेला, तेव्हा पहारेकऱ्याच्या भूमिकेतील प्रशिक्षक इतक्या जोराने ओरडले की ती चूक आम्ही दोघेही पुन्हा करणार नाही.

अपहरण झाल्यास आपण जिवंत आहोत हे पटवणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहून सीलबंद पाकिटात संस्थेकडे ठेवावी लागतात. आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा असली उत्तरे चालत नाहीत, कारण ती समाजमाध्यमांवरून कुणालाही शोधता येतात.

विम्याचे सत्र मात्र फारच उरकते घेतले. युद्ध आणि दहशतवाद अनेक प्रवास-विम्यांतून वगळलेले असतात, एवढे सांगून विषय संपला. पॉलिसीतील कोणती कलमे वाचावीत, हे उदाहरणासह दाखवायला हवे होते.

माझा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. दूतावास संकटात प्रामुख्याने आपल्याच नागरिकांना बाहेर काढतो. आमचे स्थानिक पाळक (चर्चचे धर्मगुरू), दुभाषे, चालक आणि त्यांची कुटुंबे मागेच राहतात, आणि परदेशी माणसांसोबत दिसल्यामुळे त्यांच्यावरचा धोका अनेकदा वाढलेला असतो. आमच्या फोनमधील त्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे केव्हा पुसायची, त्यांचे पुढच्या काही महिन्यांचे मानधन आगाऊ कसे द्यायचे, आम्ही निघत आहोत हे त्यांना कधी सांगायचे, यांवर एक स्वतंत्र दिवस असायला हवा. तो विषय समारोपाच्या प्रार्थनेपूर्वी घाईघाईने आला, याचे मला मनापासून दुःख झाले, आणि अभिप्रायाच्या अर्जात मी ते स्पष्टपणे लिहिले आहे.

अस्थिर भागात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे शिबिर करावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र पती-पत्नींपैकी एकालाच पाठवू नये, कारण निघण्याच्या खुणांची यादी दोघांनी मिळून केली नाही, तर ऐन वेळी त्यावरूनच वाद होतो. स्थानिक सहकाऱ्यांची यादीही सोबत न्यावी आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांकडे त्यांच्याविषयी वेळ मागून घ्यावा.