गजकर्णाची रेझिस्टन्स पीसीआर: इंदूरच्या एका लॅबचं परीक्षण

जुन्या पलासियाच्या बाजूला एका खासगी लॅबमध्ये गजकर्णाच्या पापुद्र्यांवरून टर्बिनाफिन-रेझिस्टन्सची पीसीआर, म्हणजे टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला बुरशी दाद देते का हे तिच्या डीएनएवरून पाहणारी चाचणी, करून मिळते. सेवा घेण्यासारखी आहे, पण डोळे झाकून नाही. नमुना घेण्यात लॅब पक्की, रिपोर्ट लिहिण्यात कच्ची. पाचपैकी साडेतीन.

250 मिलिग्रॅमची टर्बिनाफिनची गोळी वेळेवर घेऊनही चट्ट्याची कड विझत नाही, असे रुग्ण इंदुरात त्वचेच्या कुठल्याही दवाखान्यात दिसतात. यामागे बऱ्याचदा ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी असते. जपानी संशोधकांनी 2020 साली भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला हे नाव दिलं. टर्बिनाफिन बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमला अडवतं. या एन्झाइमच्या साखळीत 397 व्या जागी फिनाइलअ‍ॅलॅनिनऐवजी ल्युसिन आलं, किंवा 393 व्या जागी ल्युसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलॅनिन किंवा सेरिन आलं, की औषध तिथे नीट बसत नाही. गोळी पोटात जाते, बुरशी वाढतच राहते. चाचणी हाच बदल हे एन्झाइम बनवणाऱ्या एसक्यूएलई जीनमध्ये शोधते. कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये, वाढायला एक ते चार आठवडे आणि त्यापुढे एमआयसीला (बुरशी रोखायला औषध किमान किती लागतं ते मोजायला) आणखी चार-पाच दिवस लागतात, म्हणून पीसीआरचं मोल मोठं.

आता नमुना. इथला टेक्निशियन आधी चट्टा 70 टक्के स्पिरिटने पुसतो आणि पूर्ण सुकू देतो. मलम, पावडर, तेल निघालं नाही तर केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहण्याची) स्लाइडही वाचता येत नाही आणि पीसीआरही अडते. मग 15 नंबरचं ब्लेड त्वचेला काटकोनात धरून उठलेल्या लाल कडेवरून हलकेच ओढतो. मधल्या विझलेल्या भागाला हात लावत नाही, कारण तिथे बुरशी जेमतेम असते. पापुद्रे पडतात ते काळ्या कागदावर, आणि त्याची जुन्या वैद्याकडे मिळायची तशी घडीची पुडी होते. काळ्यावर पांढरा कोंडा दिसतो, पुरेसा आला की नाही ते तिथेच कळतं. प्लास्टिकच्या डबीत कोंडा भिंतीला चिकटतो आणि ओल धरली की बॅक्टेरिया माजतात. कागदात तो कोरडा राहतो, फ्रिजही लागत नाही. केओएच, कल्चर आणि पीसीआर या तिन्हींना पुरेल इतका नमुना एकाच वेळी घ्यायला सांगा. चिमूटभरात तिन्ही भागवायला गेलं की पीसीआरच्या वाट्याला काहीच उरत नाही.

डीएनए काढण्याची पद्धत विचारली की ही लॅब नीट सांगते, हे विशेष. त्वचेच्या पापुद्र्यात केराटिन आणि बुरशीची भिंत कायटिनची, त्यामुळे पेशी फोडणारं साधं लायसिस बफर पुरत नाही. इथे प्रोटिनेज-के हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम घालून रात्रभर ठेवतात आणि वर बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून भिंत फोडतात. प्रत्येक नळीत रिअ‍ॅक्शन नीट चालली का ते दाखवणारा इंटर्नल कंट्रोल असतो. त्याचा सिग्नल उठला नाही, तर नमुन्यातल्या कशाने तरी रिअ‍ॅक्शन अडवली असं समजायचं.

आणि इथेच रिपोर्ट घसरतो. कंट्रोल उठला नसेल तर 'चाचणी अवैध, नमुना पुन्हा द्या' असं लिहायला हवं. इथे तेही 'निगेटिव्ह'मध्येच जातं. डॉक्टर ते वाचून टर्बिनाफिन पुढे चालू ठेवतात आणि रुग्णाचे आणखी काही आठवडे वाया जातात. ही चूक आम्हाला गंभीर वाटते.

दुसरी अडचण त्याहून नाजूक. चाचणीतला प्रोब, म्हणजे डीएनएचा छोटा शोधक तुकडा, जीनच्या मूळ क्रमाला जुळणारा असतो. बदल असला की पकड सैल होते आणि मेल्टिंगचं शिखर (प्रोब कोणत्या तापमानाला सुटतो ते दाखवणारं आलेखावरचं टोक) कमी तापमानाला सरकतं. रिपोर्टात मात्र छापून येतं, 'एसक्यूएलई म्युटेशन आढळलं', बस. कोणतं? 448 व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी थ्रिओनिन हा बदल भारतातल्या नमुन्यांत आढळतो, पण तो टर्बिनाफिनला दाद न देण्याचं कारण धरला जात नाही. 397 आणि 448 एकाच शब्दात गुंडाळले तर चालणारं औषध बंद होऊ शकतं. रिपोर्ट हातात घेताना जागेचा आकडा लिहून मागाच. मागितला की देतात. शिखर धूसर असेल तर सँगर सिक्वेन्सिंग (जीनचा क्रम अक्षर-अक्षर वाचणं) करायला सांगा. प्रजाती पक्की करायची असेल तर आयटीएस या प्रजाती ओळखायच्या डीएनए-भागाचं सिक्वेन्सिंगही त्याच वेळी करून घ्या, कारण नुसत्या कल्चरच्या रूपावरून इंडोटिनी आणि तिच्या जवळची ट्रायकोफायटन इंटरडिजिटाल वेगळी काढणं अवघड आहे.

इट्राकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशक औषधाबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. तिथे दाद न देण्यामागे सीवायपी51बी जीनच्या वाढलेल्या प्रती किंवा औषध बाहेर फेकणारे पंप असतात, त्यासाठी कल्चरवरची एमआयसीच लागते. 'म्युटेशन नाही' म्हणजे गोळी लागू पडणारच असंही नाही. मेडिकलवरून आणलेलं क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड मिसळलेलं मलम चालू असेल, घरात आणखी दोघांना चट्टे असतील, पावसाळ्यात कपडे ओलेच अंगावर चढत असतील, तर संवेदनशील बुरशीही हटत नाही. औषध संपल्यावर 'बरं झालं का' हे पाहायलाही ही पीसीआर करू नका. मेलेल्या बुरशीचा डीएनए पापुद्र्यात राहतो आणि तोही पॉझिटिव्ह येतो.

पहिल्यांदाच उठलेल्या एखाद्या चट्ट्याला केओएच पुरे. योग्य डोस योग्य मुदतीपर्यंत घेऊनही जे हटत नाही, किंवा बरं होऊन लगेच परत येतं, त्यासाठी इथे जरूर जा. जाण्याआधी डॉक्टरांना विचारून मलम आठवडाभर बंद ठेवा, आणि त्या दिवशी चट्ट्यावर काहीही लावू नका.