सासऱ्यांच्या ८०व्या वाढदिवसाला मी ३,४८५ पौंडांची खोटी वंशावळ आणली

आकडा आधीच सांगते. ३५०, मग १,२४०, मग ३९५, मग १,५००. एकूण ३,४८५ पौंड, आपल्याकडचे चार लाखांच्या आसपास. सगळे बँक ट्रान्सफरने, त्यामुळे एक पेनीही परत आलेली नाही. चार महिने कोणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. आता लिहितेय कारण गेल्या आठवड्यात माझ्या देवळालीच्या मैत्रिणीला, जिचे पणजोबा इंग्रज होते, वंशावळ शोधून देण्याचा अगदी त्याच धाटणीचा मेसेज आला.

माझा नवरा इंग्लिश, आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनला राहतो. सासरे मूळचे श्रॉपशरच्या एका खेड्यातले. तिथल्या चर्चमध्ये एका जुन्या घराण्याच्या दगडी कबरी आहेत आणि त्या घराण्याचं आणि सासऱ्यांचं आडनाव एकच. हे लोक लॉर्ड वगैरे नव्हेत, इथे त्यांना जंट्री म्हणतात, म्हणजे जमीनजुमला, वाडा आणि स्वतःचं मानचिन्ह असलेली घराणी, साधारण आपल्याकडच्या देशमुख-इनामदारांसारखी. सासरे लहानपणापासून ऐकत आलेले की आपण त्यांच्यातलेच, फक्त धाकट्या पातीचे. म्हटलं ८०व्या वाढदिवसाला हे एकदा नीट शोधून हातात द्यावं.

आणि हे अगदीच अशक्य नव्हतं बरं का. इथे पूर्वी जमीन सगळी थोरल्याला जायची. धाकटे मग चर्चमध्ये, सैन्यात, नाहीतर लंडनला एखाद्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला, आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांची पोरं साधे शेतकरी होऊन गेलेली अशी खरी उदाहरणं खूप आहेत. त्यामुळे मी काही येडपटासारखी राजघराणं शोधायला निघाले नव्हते.

शिवाय मी नाशिकची. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या खापरपणजोबांची सही आहे, खाली पणजोबांची, आजोबांची, बाबांची. लहानपणी बाबांनी ते पान दाखवलेलं अजून आठवतं. दुसऱ्याच्या घराण्याची नावं सांभाळणारा माणूस खोटं लिहील हे माझ्या डोक्यातच येत नाही. आलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ऑनलाइन सापडला. स्वतःला 'घराण्यांचा संशोधक' म्हणवत होता, साइटवर सोनेरी सिंह, खाली लंडनचा पत्ता. इथे वंशावळ शोधणाऱ्याला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या ३५० पौंडांत त्याने जे दिलं ते खरं होतं. १९२१ची जनगणना, १९११ची, मागे मागे जात सासऱ्यांचे पणजोबा, जन्म १८४३. त्यांचं जन्माचं सर्टिफिकेट तर मी स्वतः सरकारी साइटवरून मागवलं होतं, त्यावर वडिलांचा धंदा शेतमजूर.

मग तो म्हणाला, गोष्ट इथेच रंगते, हा शेतमजूर म्हणजेच घराण्याची उतरलेली शाखा, पुरावा मिळतोय, पण खर्च आहे. १,२४० पौंड. डिसेंबरमध्ये भरले. जानेवारीत जाडजूड फाइल आली आणि तिच्यात १८२९ सालचं त्या मजुराच्या लग्नाचं सर्टिफिकेट. नवरदेवाच्या वडिलांचं नाव, आणि धंद्याच्या रकान्यात 'जंटलमन', म्हणजे जंट्रीतला माणूस.

इथे मला कळायला हवं होतं.

ज्यांना ही कागदपत्रं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ला सुरू झाली. त्याआधी फक्त चर्चची वही. त्या वहीत लग्नाला काय असायचं तर नवरानवरीची नावं, कुठल्या पॅरिशचे (म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतले), लग्न बॅन्स वाचून, म्हणजे चर्चमध्ये आधी जाहीर करून झालं की चर्चच्या लायसन्सने, सह्या, साक्षीदार. वडिलांच्या नावाचा आणि धंद्याचा रकाना तेव्हा नव्हताच! तो १८३७ नंतर आला. म्हणजे १८२९च्या लग्नाचा असा कागद असूच शकत नाही. आणि मी, जिने १८४३चं सर्टिफिकेट मागवताना त्याच सरकारी साइटवर सालांच्या यादीत सगळ्यात वर १८३७ बघितलं होतं, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसले होते. तसलाच कागद, तसलेच रकाने, तसलंच वळणदार अक्षर. त्यामुळे संशय यायच्या ऐवजी विश्वासच बसला. तरी कुठेतरी खटकलं होतं, मी त्याला ईमेलही केला, ९ जानेवारीला, की यादी तर १८३७पासून दिसते. त्याचं उत्तर वीस मिनिटांत, 'ही बिशपच्या कचेरीतली विशेष प्रत आहे, अशा प्रती फक्त वरच्या घराण्यांच्या असतात.' आणि मी गप्प बसले. बिशपकडे प्रती जायच्या हे खरं आहे, १५९८पासून दर वर्षी जायच्या, म्हणून तर त्याचं म्हणणं पटलं. पण त्या सगळ्यांच्या जायच्या, मजुराच्याही, आणि वहीत जे आहे तेच त्यात असतं. तो ईमेल मी आजही उघडून बघते आणि अंगाचा तिळपापड होतो.

त्याची युक्ती आता नीट समजली. खालचं खरं, वरचंही खरं. वरचा भाग म्हणजे १६२३ची श्रॉपशरची 'व्हिजिटेशन'. राजाचे हेरल्ड अधिकारी १५३० ते १६८८पर्यंत काउंटीकाउंटीत फिरून कोण मानचिन्ह वापरतो, कोणाचा वंश काय, हे लिहून घ्यायचे, आणि ते छापून आलेलं आहे, कोणालाही वाचायला मिळतं. दोन खऱ्या तुकड्यांमध्ये एक खोटा सांधा, बस. गुस्ताव्ह आंजू नावाचा एक स्वीडिश माणूस शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये बसून श्रीमंत अमेरिकनांना अशाच इंग्लिश वंशावळी विकायचा, खऱ्या संदर्भांच्या ढिगाऱ्यात एक बनावट कागद, नेमका जिथे दुवा तुटलाय तिथे. १९४२ला मेला आणि त्याच्या खोट्या वंशावळी लोक अजून उतरवून घेतात. हे सगळं मला पैसे गेल्यावर वाचायला मिळालं.

पुढचं पटकन सांगते कारण लिहितानासुद्धा लाज वाटते. ३९५ पौंड 'घराण्याच्या मानचिन्हाच्या' मखमली फ्रेमचे. मानचिन्ह आडनावाला नसतं हो! माणसाला मिळतं आणि पुढे त्याच्या पुरुष वंशात चालतं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, म्हणजे मानचिन्हं देणारी संस्था, १४८४पासूनची, त्यांच्या साइटवर हे स्पष्ट लिहिलंय. मग फेब्रुवारीत १,५०० डिपॉझिट, कारण म्हणे गावची 'लॉर्डशिप ऑफ द मॅनर' मोकळी आहे, सरकारी रजिस्टरला सासऱ्यांच्या नावे नोंदवता येईल. १३ ऑक्टोबर २००३नंतर मॅनरची नवी नोंद तिथे घेतच नाहीत. आणि घेतली असती तरी नावापुढे लॉर्ड लावता येत नाही, तो फक्त जुना जमिनीचा हक्क आहे, विकत घेता येतो म्हणजेच त्यात मानपान काही नाही.

मार्चमध्ये वाढदिवस झाला. सासऱ्यांनी फ्रेम दिवाणखान्यात लावली, शेजाऱ्यांना बोलावून दाखवली, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मे महिन्यात त्यांनाच हौस आली, मूळ वही बघू म्हणाले, म्हणून श्रूजबरीला काउंटीच्या अभिलेखागारात गेलो. तिथल्या बाईंनी १८२९चा कागद बघितला आणि मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, हे कोणी दिलं तुम्हाला? दोन मिनिटं लागली त्यांना. दोन मिनिटं! मायक्रोफिल्मवर लग्नाची खरी नोंद निघाली, नवऱ्याने सहीच्या जागी फुली मारलेली.

आता तक्रारीचं ऐका. बँकेला फोन केला, पन्नास मिनिटं गाणी ऐकली, मग एका मुलाने सांगितलं की तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत. मी म्हटलं ऑक्टोबर २०२४पासून फसवून करायला लावलेल्या ट्रान्सफरची भरपाई द्यायचा नियम आहे ना, तर सहा आठवड्यांनी पत्र, की तुम्हाला फाइल मिळाली, फ्रेम मिळाली, म्हणजे हा मालाच्या दर्जाचा वाद आहे, फसवणूक नाही, आणि वाद त्या नियमात बसत नाही. अहो, सर्टिफिकेटच बनावट आहे, दर्जा कसला? पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरा सांगितलं, भरला, नंबर मिळाला, तीन महिन्यांनी उत्तर आलं की तपासाला पुरेसे धागे नाहीत, आणि मी त्यांना खातं, नाव, फोन, २७ ईमेल दिले होते, आणखी धागे मी कुठून आणायचे? कौन्सिलच्या ग्राहक खात्याने सांगितलं माहिती नोंदवून ठेवतो, वैयक्तिक केस घेत नाही. नोंदवून ठेवून काय करता हे विचारलं तर त्या बाईकडे उत्तर नव्हतं. दिवाणी कोर्टात जा म्हणाले, २०५ पौंड फी, पण समन्स कुठे पाठवणार, तो लंडनचा पत्ता म्हणजे पत्रं पुढे धाडणारं भाड्याचं ऑफिस, मी स्वतः ट्रेनचं तिकीट काढून जाऊन बघून आले. एक जण तर मला म्हणाला, 'पण इतकं मनावर का घेता, हौसेचाच विषय आहे ना?' हौसेचे असले तरी पैसे कष्टाचे होते. रात्रपाळ्या करून जमवलेले होते.

क्रेडिट कार्डाने भरा. १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूला कार्डवाली कंपनीही जबाबदार असते, कायदा आहे, कलम ७५. मी ट्रान्सफर केला कारण तो म्हणाला ५ टक्के सूट. कोणी जुन्या नोंदीचा नुसता 'उतारा' देत असेल तर घेऊ नका, मूळ पानाचा फोटो मागा, अभिलेखागाराचा नंबर मागा आणि तो नंबर स्वतः फोन करून तपासा. १८३७च्या आधी वडिलांचं नाव सांगणारं लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं की तिथेच उठा.

पुणे, देवळाली, मुंबई, ज्यांच्या घरात एखादा इंग्रज पूर्वज आहे त्यांनी तर खास लक्ष द्या, बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या बाप्तिस्मा, लग्नं, दफन यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिथूनच सुरुवात करा. आणि 'तुमच्या आडनावाची बेवारस इस्टेट आहे' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. ऑस्कर हार्टझेल नावाच्या ठगाने सर फ्रान्सिस ड्रेक या जुन्या इंग्लिश दर्यावर्दीच्या इस्टेटीच्या नावाने अमेरिकेत हजारो लोकांना वर्षानुवर्षं लुटलं, आणि ड्रेक १५९६ला मेला तेव्हा त्याला मूलच नव्हतं, मालमत्ता भावाकडे गेलेली. खऱ्या बेवारस इस्टेटींची यादी ब्रिटिश सरकार २०२५पर्यंत फुकट देत होतं, ती बघायला कोणाला पैसे द्यावे लागत नव्हते.

सासऱ्यांना मीच सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तो फुलीवाला कागद मिळेल का. मी त्याची प्रत काढून आणली आणि सोबत त्याच मजुराच्या एका मुलाच्या १८३१च्या बाप्तिस्म्याचं पान, त्यात पाद्रीने बापाच्या धंद्यापुढे 'मजूर' लिहिलंय. ती दोन पानं आता त्यांच्या पलंगाजवळ असतात. फ्रेम माझ्या गॅरेजमध्ये आहे, पुरावा म्हणून ठेवलीय.

त्याची जुनी साइट बंद झाली पण ऑगस्टपासून नव्या नावाने तोच सोनेरी सिंह दिसतोय आणि पहिल्या शोधाची फी आता ४२५ पौंड आहे. तुम्हाला मेसेज आला असेल तर पैसे भरायच्या आधी मला लिहा, त्याचे सगळे २७ ईमेल आणि तो १८२९चा कागद मी जपून ठेवलाय, शेजारी ठेवून बघू.