८६, ९६ की १००? ऑल-माउंटन स्की दुपारच्या बर्फावर निवडा

ऑल-माउंटन स्की, म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालेल अशी स्की, शोधायला बसलं की दहा मिनिटांत एकच आकडा डोक्यात घुसतो, कंबर किती मिलिमीटर. कंबर म्हणजे बुटाच्या बरोब्बर खाली स्की जिथे सगळ्यात अरुंद असते ती जागा, आणि ऑल-माउंटन म्हणून जे काय विकलं जातं ते साधारण ऐंशीपासून शंभरच्या थोडं पुढेपर्यंत पसरलेलं असतं. मग माणूस ९४ बरी की ९८ बरी यात रात्र घालवतो. मीपण घालवल्यात. पण चार मिलिमीटरने जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक स्कीच्या पोटात काय भरलंय आणि ती किती ताठ आहे याने पडतो, आणि हे दुकानात हातात धरून कळत नाही, उतारावर कळतं, तेही दुपारनंतर.

दुपारनंतर का, तर एकाच उतारावर दिवसभरात तीन वेगवेगळे बर्फ मिळतात. सकाळी मशीन फिरवून गेलेला, बारीक रेघांचा, घट्ट बर्फ. त्यावर कुठलीही स्की छानच वाटते हो. अकरापर्यंत वरचा थर खरवडला जातो आणि खालचा चकचकीत कडक भाग उघडा पडतो. आणि दोननंतर कडेला ढकललेल्या बर्फाचे ढिगारे, मधे कडक पट्टे, ऊन असेल तर वर ओला लगदा, असं सगळं एकाच वळणात येतं. म्हणून ऑल-माउंटन स्कीचे मी तीन प्रकार पाडतो आणि ते या घड्याळावरच लावून बघतो.

पहिला प्रकार ८६च्या आसपासचा, रॉसिन्योलची एक्सपीरियन्स ८६ हे नेहमीचं उदाहरण. सकाळी आणि अकरा वाजता हिला तोड नाही. स्की आडवी कलवली की एज, म्हणजे कडेची धातूची धार, जवळजवळ पायाखालीच येते, त्यामुळे ती पटकन कलते आणि गुडघ्याला फार पीळ पडत नाही. रुंद स्कीत एज पायापासून बाहेर सरकते आणि कडक बर्फावर प्रत्येक वळणाला ती कलती ठेवायला जास्त जोर लागतो, दिवसअखेर गुडघे बोलायला लागतात. पण दुपारी हीच ८६ ढिगाऱ्यात शिरली की टिप, म्हणजे पुढचं टोक, खाली जायला बघते, तुम्ही मागे झुकता, मागे झुकलात की वळण गेलं. तंत्र पक्कं असलेले लोक ८६वर सगळीकडे फिरतात, खोटं नाही, पण त्यांना असा आढावा वाचायची गरजच नसते.

दुसरा प्रकार ९६ ते १००, पोटात धातू असलेला. इथे खरी गर्दी आहे: व्होल्कलची एम६ मँट्रा (९६), ब्लिझार्डची बोनाफाइड ९७, नॉर्डिकाची एन्फोर्सर १००. धातू म्हणजे टायटॅनल. स्कीवर ‘टीआय’ लिहिलेलं बघून लोक टायटॅनियम समजतात, पण तो अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचं काम वजन देणं आणि थरथर खाऊन टाकणं. एन्फोर्सर आणि बोनाफाइडमध्ये लाकडाच्या वर-खाली पत्रे आहेत, मँट्रात पूर्ण पत्रा न घालता कडेकडेने चौकटीसारखा बसवलाय, म्हणून ती मधून जरा वाकती वाटते. मँट्राची आणखी एक गंमत म्हणजे कडेचा बाक एकाच त्रिज्येचा नाही, टिप आणि टेलकडे (मागच्या टोकाकडे) मोठी त्रिज्या, मधे छोटी, म्हणजे थोडं कलवलं तर लांब वळण आणि जोर देऊन कलवलं तर आखूड. कागदावर हे जाहिरातीसारखं वाटतं पण पायाखाली खरंच जाणवतं.

दुपारी दोनच्या ढिगाऱ्यातून धातूवाली स्की सरळ कापत जाते. हलकी स्की ढिगाऱ्यावर आपटून बाजूला फेकली जाते, ही नाही. पण याची किंमत आहे, आणि ती पैशात नाही. एकदा भाड्याने मिळालेली अशी जड स्की घेऊन मी मोगलच्या उंचवट्यांवर गेलो, वेग कमी ठेवलेला, आणि प्रत्येक वळणाला टेल अशी अडकून बसायची की उचलून फिरवावी लागायची, अर्ध्या उतारावर मांड्या भरून आल्या आणि मी बाजूला उभा राहून नुसता बघत राहिलो. स्की खराब नव्हती, तिला वेग हवा होता आणि मी देत नव्हतो. तुमचं वजन कमी असेल किंवा अजून सावकाश स्की करत असाल तर धातूवाली स्की तुमच्याशी भांडणार.

तिसरा प्रकार रुंदीला तेवढाच पण टायटॅनलचे पत्रे नसलेला. सॅलोमनची क्यूएसटी ९८, अॅटॉमिकची बेंट १००, ईलानची रिपस्टिक ९६. क्यूएसटीत पॉप्लरचं लाकूड, कार्बन आणि अळशीच्या धाग्यांची जाळी, टिपेत कॉर्क, म्हणजे धातूचं थरथर खायचं काम यांच्याकडून करून घेतात. बऱ्यापैकी जमतं. रिपस्टिकमध्ये डावी आणि उजवी स्की वेगळी असते, आतली एज जास्त लांब टेकते, बाहेरची आधी वर वळते, त्यामुळे घालताना डावी-उजवी बघून घाला, घाईत उलटसुलट होतं. बेंट १०० सगळ्यात खेळकर आणि सगळ्यात मऊ, झाडांमधून, उंचवट्यांवर, ताज्या बर्फात मजा येते. पण अकरा वाजताच्या खरवडलेल्या उतारावर वेग वाढवलात की टिपा फडफडायला लागतात, दिसतात पण आणि ऐकू पण येतात, टक-टक-टक असा कोरडा आवाज, आणि मग आपोआप वेग कमी केला जातो.

हलकी म्हणजे मऊच असं मात्र धरू नका. हेडची कोर ९३ हातात घेतली तर हलकी लागते पण ती चांगली ताठ आहे. कडक बर्फावर पकड ठीक, ढिगाऱ्यात मात्र वजन नसल्याने टणाटण उडवते. वजन आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या मुद्दाम एकत्र कालवतात असा माझा तरी संशय आहे.

आता थेट समोरासमोर. निव्वळ बर्फगार कडक उतार असेल तर ८६, मग धातूवाली ९६, मग बाकीच्या. ओला लगदा असेल तर धातूवाली पुढे कारण ती ओढली जात नाही, पण ८६ चिकटल्यासारखी होते. गुडघ्यापर्यंत ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर बिनधातूची ९८-१००, यात वादच नाही. मोगल असेल तर मऊ टेलची कुठलीही, रुंदी विसरा. आणि वर पापुद्रा, खाली भुसा, पाय टाकला की फुटणारा तो बर्फ असेल तर खरं सांगू, यातली कुठलीच आनंद देत नाही, त्यातल्या त्यात लांब रॉकरवाली, म्हणजे जिची टोकं आधीपासूनच वर उचललेली असतात ती, निसटून जाते.

रॉकरचं दुकानात स्वतः बघता येतं. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मधे फट दिसते तो कँबर, त्यावर उभं राहिलं की दाब टिप-टेलकडे जातो आणि कडक बर्फावर पकड मिळते. मग मधली फट दाबून बंद करा आणि टिपांमधल्या फटीत कागदाची पट्टी घालून खाली सरकवत न्या, जिथे अडते तिथून खाली स्की खऱ्या अर्थाने टेकते. काही स्कीत ही जागा इतकी खाली असते की १८०ची स्की कडक बर्फावर कितीतरी आखूड असल्यासारखी वागते. म्हणूनच रॉकर जास्त असेल तर लांबी कपाळापर्यंत घेतली तरी चालते, ८६सारखी कमी रॉकरची असेल तर हनुवटी ते नाक पुरे. वजन जास्त, वेग जास्त असेल तर एक माप वर जा.

बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवतं ते) वेगळं घेणार असाल तर त्याचा ब्रेक, म्हणजे सुटलेली स्की थांबवणारे दोन दांडे, स्कीच्या कंबरेपेक्षा रुंद पाहिजे, पण पंधरा मिलिमीटरपेक्षा फार जास्त नको, नाहीतर स्की कलवली की ब्रेकच बर्फात घासतो. बुटाचा सोल ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, बाकदार रबरी) आहे का हे बघून त्याला चालणारंच बाइंडिंग घ्या, यात अंदाजपंचे करू नका.

माझ्यापुरतं मी धातूवाल्या ९६वर थांबलोय, माझे बहुतेक दिवस ताज्या बर्फाचे नसतात, आणि वर्षातून जे दोन-तीन तसे मिळतात तेव्हा रुंद जोडी भाड्याने घेतो. तुमचं उलट असेल तर क्यूएसटीसारखं काहीतरी घ्या आणि कडक दिवशी वेग आवरा.

ट्रायलला स्की घेणार असाल तर सकाळची नको, दुपारी जेवणानंतरची वेळ मागा, आणि दोन वेगवेगळ्या जोड्या एकाच उतारावर लागोपाठ चालवा. पण त्याआधी एजवर अंगठ्याचं नख आडवं घासून बघा. नखाचा पांढरा कीस निघाला तर धार आहे. नाही निघाला तर त्या स्कीबद्दल काही मत बनवू नका, कारण बोथट एजवर ८६पण १०६सारखी घसरते, आधी धार लावून द्या म्हणावं.