भिंत, वाळू की माघार? झिजत्या किनाऱ्यावरच्या उद्यानासाठी काय निवडाल

उधाणात समुद्रकाठच्या उद्यानाचा कठडा कोसळला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पाहणी, तिसऱ्या दिवशी फोटो आणि आठवड्याभरात दगडांचे डंपर. दगड डोळ्यांना दिसतात, काम झाल्यासारखं वाटतं. पण निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांनी डंपर बोलावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढावं. आपल्याला वाचवायचंय काय? पुळण, की पुळणीमागची जमीन?

ऐकायला एकच वाटतं, पण तसं नाही. माणसं येतात ती वाळूत बसायला, पोरांना पाण्यात सोडायला. पैसा मात्र ओतलेला असतो मागे, म्हणजे वाहनतळात, फरसबंद पायवाटेत, हिरवळीत, स्वच्छतागृहात. भिंत हे मागचं वाचवते. बाहेरून आणून टाकलेली वाळू पुढचं वाचवते आणि मागच्याला काही वर्षांची उसंत देते. माघार घेतली, म्हणजे बांधकामंच मागे हलवली, तर पुळण आपली आपण टिकते, पण मागच्या काही गोष्टींवर पाणी सोडावं लागतं. खरी निवड या तिघांतच आहे. ग्रॉयन (समुद्रात आडव्या काढलेल्या भिंती), पाण्याखालचे बुडीत बांध, वाळूच्या टेकड्या हे त्यांचे जोडीदार.

खरंच झिजतोय का?

वादळी मोसमात मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात, पण बहुतेक वेळा ती फार लांब जात नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा तयार होतो आणि शांत मोसमातल्या बारक्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. वादळानंतरच्या आठवड्यातल्या फोटोवरून उपाय ठरवणं म्हणजे आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंगावरून शिंप्याने माप घेण्यासारखं आहे.

सिडनीजवळच्या नॅराबीन-कॉलरॉय किनाऱ्याची मापं 1976पासून जवळपास दर महिन्याला घेतली जातात. जून 2016च्या वादळात हाच किनारा काही ठिकाणी 50 मीटरच्या आसपास मागे सरला आणि एका घराचा पोहण्याचा तलाव उचकटून पुळणीवर आला. तो फोटो जगभर फिरला. नंतर वाळू परत येऊ लागली, त्याची कुठे बातमी झाली नाही. उपग्रहांच्या चित्रांवरून 2018 साली एक जागतिक अभ्यास झाला. त्यात जगातल्या वाळूच्या किनाऱ्यांपैकी 24 टक्के वर्षाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेगाने झिजताना दिसले, 28 टक्के वाढताना आणि उरलेले साधारण स्थिर. तुमचा किनारा कुठल्या गटात आहे हे पाच-दहा वर्षांच्या नोंदींशिवाय कळत नाही.

झीज खरी निघाली तर पुढचा शोध वाळूचा. लाटा किनाऱ्याला तिरप्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेने सतत पुढे सरकत असते. वाटेत कुणी बंदराची भिंत उभारली, नदीवर धरण बांधलं, मुखाशी वाळूउपसा केला, की पुढच्या पुळणीचा पुरवठा तुटतो. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखावरच्या भिंती 1960च्या दशकात समुद्रात आणखी पुढे नेल्या. वाळू दक्षिणेला अडकली आणि उत्तरेला गोल्ड कोस्टवरची किरा पुळण खरवडली गेली. 2001 साली ती अडकलेली वाळू पंपाने पलीकडे टाकण्याची कायमची यंत्रणा बसवली. मग किराला इतकी वाळू आली की लाटांवर स्वार होणारे लोक आमची प्रसिद्ध लाट गेली म्हणून तक्रार करू लागले. रोग वरच्या अंगाला असेल तर तुमच्या उद्यानात बांधलेलं काहीही मलमपट्टीच ठरतं. वाळू अडवणाऱ्याकडूनच ती पुढे सोडवून घेता आली तर बाकी उपायांआधी तोच करावा. इतका सरळ मार्ग मिळणं विरळाच, हेही खरं.

भिंत

दगडी बंधारा किंवा काँक्रीटची भिंत यांच्या बाजूने बोलायचं तर हा एकच उपाय असा आहे की पुढच्या वादळात काय होईल हे आधीपासून बऱ्यापैकी सांगता येतं. 1900च्या चक्रीवादळात अमेरिकेतलं गॅल्व्हस्टन शहर उद्ध्वस्त झालं. 1902 साली तिथे भिंतीचं काम सुरू झालं, 1904 साली पहिला टप्पा उभा राहिला, आणि ती भिंत आजही शहर राखते आहे. मात्र भिंतीसमोरची रुंद पुळण पुढे नाहीशी झाली आणि 1990च्या दशकात तिथे बाहेरून वाळू आणून टाकावी लागली.

हे कसं होतं हे समजायला अवघड नाही. किनारा मागे सरकत असतो आणि भिंत जागची हलत नाही. पाण्याची रेषा भिंतीकडे सरकत येते आणि दोघांच्या मधली पुळण अरुंद होत होत संपते. ‘भिंत वाळू खाते’ असं लोक म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. भिंत पुळणीला मागे सरायला जागा देत नाही, एवढंच पुरेसं असतं. शिवाय भिंतीमागे जी वाळू एरवी लाटांना मिळाली असती, तीही कोंडली जाते. भिंतीच्या दोन्ही टोकांना, शेजाऱ्याच्या हद्दीत, झीज वाढते ती वेगळीच.

मी पाहिलेल्या एका उद्यानात भिंतीवरून वाळूत उतरायला नऊ पायऱ्या होत्या. चार वर्षांनी सगळ्यात खालची पायरी हवेत लोंबत होती, वाळूपासून कमरेइतकी वर. लोकांनी तिच्याखाली दोन मोठे दगड रचून स्वतःच दहावी पायरी केली होती. भिंतीच्या मागच्या बाजूला फरसबंदीत जागोजागी खोलगट खड्डे पडले होते. दगडांमागे गाळणीचं कापड नीट घातलेलं नसलं की भरतीचं पाणी आत शिरतं आणि परतताना मागची वाळू घेऊन जातं. वरून लाद्या जागच्या जागी दिसतात आणि एखादा पाय दिला की खचतात. तेव्हा भिंतच करायची असेल तर अंदाजपत्रकात दोन ओळी शोधा. एक ‘गाळणीचा थर’, दुसरी ‘पाया वाळूखाली किती खोल’. या ओळी नसतील तर ती भिंत पाच-सहा पावसाळ्यांची पाहुणी समजा.

भिंत कुठे योग्य? जिथे मागे मुख्य रस्ता किंवा सांडपाण्याची मोठी वाहिनी आहे आणि हलायला जागाच नाही, तिथे. हिरवळीसाठी भिंत बांधणं मला तरी पटत नाही.

वाळू

वाळू टाकण्याला नेहमीचा आक्षेप म्हणजे ‘ती वाहूनच जाणार’. हो, जाणारच. तिचं काम तेच आहे. किनाऱ्याऐवजी लाटांना खायला घातलेला तो खुराक आहे. खरा प्रश्न किती पुरेल हा, आणि तो ढोबळमानाने घरी बसूनही मांडता येतो.

कोरडी पुळण समजा भरतीच्या पाण्यापेक्षा 2 मीटर उंच आहे, आणि लाटा वाळू हलवू शकतात ती खोली 6 मीटरपर्यंत जाते. पुळण 1 मीटर रुंद करायची तर हा सगळा 8 मीटरचा उतारच 1 मीटर पुढे सरकवावा लागतो. म्हणजे किनाऱ्याच्या दर धावत्या मीटरमागे 8 घनमीटर वाळू. 500 मीटर लांबीच्या उद्यानाची पुळण 20 मीटरने रुंद करायची तर 80,000 घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरने 8,000 फेऱ्या, रोज 50 धरल्या तरी 160 दिवस. एवढी वाहतूक उद्यानाच्या एकुलत्या एका रस्त्याला झेपत नाही, म्हणून मोठ्या कामात वाळू बहुधा समुद्रतळातून उपसून पाइपने किनाऱ्यावर सोडतात.

आता यातली मेख. टाकलेल्या वाळूचं आयुष्य लांबीवर फार अवलंबून असतं. भरावाची लांबी दुप्पट केली तर तो साधारण चौपट टिकतो, कारण वाळू प्रामुख्याने दोन्ही टोकांकडून शेजारी पसरत जाते. एकट्या 300 मीटरच्या उद्यानात वाळू टाकणं म्हणजे तव्याच्या मधोमध तुपाचा गोळा ठेवणं. शेजारच्या दोन-तीन पुळणींसोबत एकत्र काम काढता येत असेल तरच हा मार्ग धरावा. नेदरलँड्सने हाच विचार टोकाला नेला. 2011 साली हेगच्या दक्षिणेला त्यांनी एकाच जागी तब्बल 2.15 कोटी घनमीटर वाळू टाकून समुद्रात हुकाच्या आकाराचा भराव काढला. लाटा आणि वारा ती वाळू हळूहळू दोन्हीकडे वाटतील अशी योजना होती, आणि तसं होतंही आहे. पण त्या देशाकडे उपसायला उथळ समुद्रतळ आहे आणि दरवर्षी किनाऱ्यावर वाळू टाकण्याचं सरकारी धोरण आहे. एकदाच निधी मिळणाऱ्या उद्यानाने त्यांची नक्कल करू नये.

वाळूचा कण मूळ वाळूइतका किंवा किंचित जाड असावा. बारीक गाळमिश्रित वाळू स्वस्त पडते आणि लवकर धुपते. पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहतं ते वेगळं. पहिल्या वर्षी नवी पुळण झपाट्याने अरुंद होते, कारण वाळू पाण्याखालच्या उतारावर स्वतःला लावून घेत असते. काही ठिकाणी छातीइतकी उभी वाळूची कड तयार होते, लहान मुलं तिच्यावरून उड्या मारतात आणि कासवांना ती चढता येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर सहा महिन्यांत ‘पैसे पाण्यात गेले’ अशी हाकाटी सुरू होणार.

जोडीदार

ग्रॉयन, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात आडव्या काढलेल्या भिंती, वाळू अडवतात. नवी निर्माण करत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात वेस्टहॅम्प्टनला 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात 15 ग्रॉयन बांधले आणि काम तिथेच थांबलं. वाळू ज्या दिशेने सरकत होती त्या पश्चिमेकडची पुळण उपाशी राहिली आणि डिसेंबर 1992च्या वादळात समुद्र ती चिंचोळी पट्टी फोडून पलीकडच्या खाडीला मिळाला. ग्रॉयनची टोकाची जागा शेजाऱ्याच्या अंगणात असेल तर आधी वकील शोधा. ग्रॉयन करायचेच असतील तर मधले कप्पे आधी वाळूने भरून द्यावेत, म्हणजे ते वाहती वाळू ओरबाडत नाहीत.

पाण्याखालचे बुडीत बांध दिसायला छान, म्हणजे दिसतच नाहीत. पुदुच्चेरीत बंदराच्या भिंतीमुळे गेलेली शहरासमोरची पुळण 2018च्या सुमारास बसवलेल्या बुडीत बांधानंतर परत आली. इंग्लंडमध्ये बोस्कमला 2009 साली पूर्ण झालेला, वाळूच्या पिशव्यांचा बुडीत बांध मात्र दोनच वर्षांत नादुरुस्त होऊन बंद पडला. लाटांचं गणित त्या त्या जागेपुरतं करून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. कधीकधी बांधामागे भर पडण्याऐवजी उलट झीज होते.

माघार

हा शब्दच अनेकांना खटकतो. हरल्यासारखं वाटतं. अमेरिकेत केप हॅटरस इथलं दीपगृह 1870 साली समुद्रापासून बरंच आत बांधलं होतं. समुद्र जवळ आला तसे ग्रॉयन झाले, वाळू टाकून झाली, वाळूच्या पिशव्या रचून झाल्या. शेवटी 1999 साली ते अख्खं दीपगृह उचलून सुमारे 880 मीटर सरकवलं. एवढा उंच मनोरा हलवता येतो, तर तुमचं स्वच्छतागृह का नाही?

उद्यानासाठी त्याहून जवळचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुराचं. तिथे किनाऱ्यावर 1989 साली सायकलमार्ग आणि वाहनतळ झाला आणि दोन-तीन वर्षांतच समुद्र त्यांच्या कडा कुरतडू लागला. मग भिंत हवी की नको यावर जवळजवळ दोन दशकं वाद. अखेर 2011पर्यंत दोन्ही गोष्टी सुमारे 20 मीटर मागे नेल्या, मोकळ्या जागेत गोल गोट्यांचा जाड थर पुरला आणि त्यावर वाळूच्या टेकड्या उभ्या केल्या. वाळू गेली तरी गोटे लाटेचा जोर जिरवतात.

माघारीची अडचण जागेची आहे. मागे मोकळी जमीन नसेल तर हा मार्ग बंद. जमीन असेल तर मात्र या तिघांत माझी पसंती हिलाच. समुद्राची पातळी जितकी चढते त्याच्या 50 ते 100 पट किनारा मागे सरतो असा एक जुना ढोबळ अंदाज आहे. तो सगळीकडे लागू पडत नाही, वादही भरपूर आहेत. पण 10 सेंटीमीटर चढीला 5 ते 10 मीटर, हा आकडा मनात ठेवून वाहनतळाची जागा ठरवली तर नातवंडांना ती पुन्हा हलवावी लागणार नाही.

मागे सरकल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात टेकड्या वाढू द्याव्यात. उष्ण प्रदेशात त्या कामाला मर्यादवेल आहेच. तिच्या मुळ्या प्रत्येक पेराला वाळू धरतात, वर वाळू साचली की वेल आणखी वर येते, आणि समुद्राची हद्द आखल्यासारखी दिसते म्हणून तर तिला हे नाव. सुरूची रांग लावण्याचा मोह टाळावा. मुळं उथळ, कड कापली गेली की झाड मुळासकट आडवं, आणि त्याच्या पानगळीखाली दुसरं काही रुजत नाही. लाकडी उंच पायवाट नसेल तर टेकड्या करूच नका, लोक दोन महिन्यांत तुडवून सपाट करतात. आणि रोज पहाटे पुळण विंचरणारा ट्रॅक्टर टेकडीच्या पायथ्यापासून दूर ठेवा. त्याच्या दातांत अडकून जाणाऱ्या शेवाळातच पुढच्या टेकडीची सुरुवात असते.

बैठकीआधी

निवड काहीही होवो, एक काम आजच करता येईल. 2017 साली सिडनीत सुरू झालेल्या एका प्रकल्पात किनाऱ्यावर एक स्थिर स्टँड रोवतात. येणारा-जाणारा त्यात आपला फोन टेकवतो, फोटो काढतो आणि पाठवतो. कोन दरवेळी तोच असल्यामुळे त्या फोटोंवरून पाण्याची रेषा मोजता येते. एक लोखंडी खांब, एक पट्टी आणि सूचनेची पाटी, एवढंच लागतं. सोबत स्वच्छतागृहाच्या भिंतीपासून वाळूच्या कडेपर्यंतचं अंतर दर अमावास्येला टेपने मोजून वहीत लिहा, आणि कुठल्या आकड्याला स्वच्छतागृह हलवायचं तो आकडा वहीच्या पहिल्याच पानावर, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आत्ताच लिहून ठेवा.