डॅशबोर्डवर ७४,७५४, बँकेत २१,८५४

स्वयंपाकघरातल्या उपकरणांवर मी मराठीत ब्लॉग लिहितो. लिंकवरून कोणी मिक्सर-कुकर घेतला की कमिशन; हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहेच. कमाई वरखाली होते हेही मला नवं नव्हतं. दिवाळीत चढते, संक्रांतीनंतर झोपते, लोक माल परत करतात, ॲमेझॉनची कुकी, म्हणजे ग्राहक माझ्या लिंकवरून आला ही नोंद, तर २४ तासांत संपते. म्हणूनच माझं कमिशन बुडत होतं तरी सुरुवातीला मी गप्प बसलो, मूर्ख म्हणून नाही.

पण हे आकडे बघा. ऑक्टोबर २०२४ : ४१,२६० रुपये. नोव्हेंबर : ३,९१२. डिसेंबर : २८,४७५. जानेवारी : १,१०७. आणि लिंकवरचे क्लिक? माझ्या मोजणीत चारही महिने जवळपास सारखेच. दुकानाशी थेट न जोडता मी मधल्या एका नेटवर्ककडून गेलो होतो, कारण ते जास्त टक्के देत होते. जास्त कुठून देता, हे मी विचारलं होतं. 'व्हॉल्यूम डील आहे सर,' असं उत्तर आलं. असं उत्तर आलं की तिथूनच मागे फिरा.

घसरणीचं कारण विचारलं की त्यांचा मॅनेजर म्हणायचा, 'ब्राउझरमधली कूपनवाली एक्स्टेन्शन्स तुमची कुकी खातात.' हे खोटं म्हणावं तर त्याच डिसेंबरात एका यूट्यूबरने हनी या एक्स्टेन्शनवर नेमका तोच आरोप केला होता. शेवटच्या क्लिकचं श्रेय ते स्वतःकडे ओढतं म्हणे. पेपालने सुमारे चार अब्ज डॉलरला घेतलेली कंपनी! जगभरचे ब्लॉगवाले ओरडत होते. मग मला ते पटलं, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते मिक्सरच्या वेळी. वहिनीला मिक्सर हवाच होता, तिने माझ्या लिंकवरून घेतला. ३,४९९ रुपये, सात टक्के, म्हणजे माझे २४४ रुपये ९३ पैसे. डिसेंबरात नेटवर्कच्या डॅशबोर्डवर, म्हणजे कमाई दाखवणाऱ्या पानावर, त्या ऑर्डरपुढे लाल अक्षरं : 'ग्राहकाने परत केले, रिजेक्टेड'. रविवारी दादाकडे जेवायला गेलो, तर वहिनी त्याच मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी वाटत होती. झाकणाच्या रबराला लसूण चिकटलेला, बाजूवरचं स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं. म्हटलं, 'वहिनी, हा परत केला होतास का?' ती म्हणाली, 'परत कशाला करू? चांगला चाललाय की!' आणि मी ताटावर बसलो. २४५ रुपयांसाठी कोण भांडतं? त्याच रात्री ऑर्डरवार रिपोर्ट उतरवून घेतला असता, तर आज हातात कागद असता.

शेवटी चार महिन्यांच्या ७४,७५४ पैकी २२,३०० 'कन्फर्म' झाले, ५२,४५४ 'रिजेक्टेड'. २ टक्के टीडीएस म्हणजे ४४६ कापून २१,८५४ आले. मिक्सरचा पुरावा पाठवला, तर उत्तर काय? नातेवाइकांची खरेदी हा नियमभंग, खातं बंद! म्हणजे आधी माल परत आला होता, आता तो नात्यातला निघाला. खातं बंद म्हणजे रिपोर्टही गेला. तुमचं काही अडकलं असेल तर भांडायच्या आधी सगळं उतरवून घ्या, नंतर नाही.

मग सुरू झाली वरात. सायबर हेल्पलाइनवर प्रश्न : 'खात्यातून पैसे गेले का?' म्हटलं, गेले नाहीत, यायचे ते आलेच नाहीत. 'मग फ्रॉड कसला?' पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, दिवाणी बाब आहे. ब्लॉग म्हणजे यूट्यूब चॅनेल का, हेही विचारलं. स्क्रीनशॉट दाखवले, तर म्हणाले साक्ष्य कायद्याच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं, प्रमाणपत्र आणा. आणलं, तर ज्यांनी मागितलं त्यांची बदली झालेली, नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून! ग्राहक तक्रारीसाठी गेलो, तर तुम्ही ग्राहकच नाही, तुम्ही व्यवसाय करता. वकील म्हणाले, करारात न्यायक्षेत्र दिल्ली आहे, जाता का? सांगलीहून दिल्ली, ५२ हजारांसाठी! प्रत्येक टेबलावर माणूस बसलेला, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्या टेबलाकडे.

करार वाचताना टक्के नंतर बघा, न्यायक्षेत्राची ओळ आधी. रिजेक्ट झालेल्या प्रत्येक विक्रीचा ऑर्डर नंबर मागा. 'पॉलिसी नाही' म्हणाले तर लिंका त्याच दिवशी काढा. सगळ्या लिंका एकाच नेटवर्कच्या हातात देऊ नका. घरच्यांना स्वतःच्या लिंकवरून काही घ्यायला लावू नका, नियमांत ते बहुधा बसत नाही आणि वेळ आली की तेच तुमच्यावर उलटवतात.

आणि २६एएस उघडा, म्हणजे तुमच्या पॅनवर किती टीडीएस जमा झाला ते दाखवणारं आयकर खात्याचं पत्रक. जानेवारी-मार्चचं टीडीएस विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं, म्हणून मी जूनमध्ये पाहिलं. माझ्या पॅनवर त्यांच्या नावाने एक पैसा जमा नाही. ४४६ रुपये कापले, सरकारात भरलेच नाहीत. आयकर खात्याकडे तेवढी तक्रार केली आहे. ५२,४५४ वर मी पाणी सोडलंय. ४४६ वर नाही.