अन्न कायद्याचा पत्राचार कोर्स, दहा महिन्यांनंतर: पैसे वसूल, पण पान 43 चं काय?

परवा फेरतपासणीचा निकाल आला. चार गुण वाढले. त्यासाठी पाचशे रुपये भरले, अकरा फोन केले, दोनदा स्पीड पोस्ट केलं. म्हणून आता सविस्तर लिहितेच. या पदविकेची फी, विषयांची यादी वगैरे सगळ्यांनी बघितलेलं असणार, ते परत सांगत नाही. मी साडेचौदा हजार दोन हप्त्यांत भरले, आणि आमच्यासारख्या दुकानाला साडेचौदा हजार म्हणजे काय हे व्यापाऱ्याच्या घरात कुणालाही कळेल.

भांडण पुस्तिका चारमधल्या पान 43 वरून. तिथं शिक्षांचा तक्ता आहे. असुरक्षित अन्न विकलं पण कुणाला इजा झाली नाही, तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 59 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, असं छापलंय. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं ते बदलून तीन महिने आणि तीन लाख केलं. मी परीक्षेत नवीन आकडे लिहिले, तर माझेच गुण कापले. फोनवर उत्तर काय, तर ‘मॅडम, पुस्तिकेप्रमाणे लिहायचं असतं.’ कायदा शिकवणाऱ्या संस्थेनं हे म्हणावं याचा मला अजूनही राग आहे. त्याच तक्त्याखाली भारतीय दंड संहितेची अन्नभेसळीची 272 आणि 273 ही कलमं जशीच्या तशी आहेत. 1 जुलै 2024 पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 274 आणि 275 आली. शिवाय फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राम नाथ खटल्यात सांगितलं, की जिथं कलम 59 लागतं तिथं अन्नसुरक्षा कायदाच वरचढ, दंड संहितेची ही कलमं सोबत लावता येत नाहीत. हे दुकानदाराच्या दृष्टीनं केवढं मोठं आहे! घरी पोलीस येणार की अन्नसुरक्षा अधिकारी, याचा प्रश्न आहे. आणि पुस्तिकेत त्याचा एक शब्द नाही.

आता मी कोर्स घेतला का, ते सांगते. बेळगावच्या शहापुरात आमचं खव्याचं आणि कुंद्याचं (दूध आटवून केलेली इथली मिठाई) छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या तोंडावर खव्याचा नमुना नेला. गल्ल्यावर मामंजी होते. कागद सगळे कन्नडमध्ये, समोर गिऱ्हाइकांची रांग, त्यांनी दाखवतील तिथं सह्या केल्या. अहवाल आला ‘सबस्टँडर्ड’, म्हणजे कमी दर्जाचा. गल्लीत बोभाटा झाला की यांच्याकडं भेसळ सापडली. अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढं प्रकरण चाललं, वीस हजार दंड झाला. मामंजी दोन महिने दुकानात बसले नाहीत. चाळीस वर्षं कुंदा घोटलेला माणूस, त्यांना वाटलं आपण गुन्हेगार ठरलो.

ते गुन्हेगार नव्हते. हे मला पुस्तिका दोनमध्ये कळलं, आणि त्या रात्री मी ते पान त्यांना मराठीतून वाचून दाखवलं. कमी दर्जाचं अन्न आणि असुरक्षित अन्न या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला कलम 51, पाच लाखांपर्यंत दंड, पण कैद नाही, फौजदारी खटला नाही. दुसऱ्याला कलम 59, आणि त्यात कुणाचा जीव गेला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप. आमच्या खव्यात विष नव्हतं, स्निग्धांश कमी होता. खव्यात कोरड्या वजनाच्या किमान 30 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, आमचा 27 भरला होता. मामंजींनी ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

अर्थशास्त्राचा भाग मी आधी सोडून देणार होते. पहिल्या दोन महिन्यांत मी गटावर लिहिलंही होतं, की हा भाग म्हणजे पानं भरायला घातलाय. ते मत मी मागे घेते. आज विचाराल तर कोर्समधला सगळ्यात कामाचा भाग तोच. जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 चा प्रसिद्ध निबंध शिकवला, ज्या कामाबद्दल पुढं 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विकणाऱ्याला माल कसा आहे ते ठाऊक, घेणाऱ्याला नाही, मग चांगल्या मालाला भाव मिळेना आणि वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. त्यात चक्क आपल्याकडच्या तांदळाचं उदाहरण आहे: बाजारच्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम घातलेले असतात आणि भारतातल्या बायकांना ते निवडत बसावं लागतं. माझी आई दारात सूप घेऊन रोज तेच करत होती. तिच्या तेवढ्या वेळाचा खर्च कुणाच्याच वहीत चढला नाही.

मग मी वही काढली. म्हशीचं दूध 60 रुपये लिटर धरलं तर किलोभर खव्याला साधारण पाच लिटर, म्हणजे दुधाचेच 300. जळण आणि भट्टीवरच्या माणसाची मजुरी वेगळी. आमचा खानापूरकडचा खवेवाला आम्हाला 290 नं देत होता. आम्ही त्याला स्वस्त म्हणून खूश! सहा टक्क्यांच्या पाच लिटर दुधात तीनशे ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. त्यातला सव्वाशे ग्रॅम आधीच काढून घेतला की 30 चा आकडा हुकतो आणि लोणी त्याच्या घरी राहतं. त्याचा नफा आणि आमचा दंड एकाच दुधातून निघाला होता. खवेवाला बदलला. आता 360 नं घेतो, पण बिल घेतो, कारण कलम 80 खाली ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली’ हे सांगायला कागद लागतो.

2008 च्या चीनमधल्या मेलामाइनचा तासही चांगला झाला. तिथं दुधाची प्रथिनं नायट्रोजन मोजून ठरवत, म्हणून पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं नायट्रोजनवालं रसायन मिसळलं. तीन लाखांच्या आसपास बाळं आजारी, सहा दगावली. डेअरीवर जे मोजून पैसे मिळतात तेच खोटं तयार होतं, हे आमच्याकडच्या फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दरपत्रकाला तंतोतंत लागू आहे.

सीमाभागाबद्दल मात्र काहीच नाही, हे खटकलं. महाराष्ट्रानं जुलै 2012 मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकानं मे 2013 मध्ये. मधले दहा महिने सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं, म्हणजे कर्नाटकात, तो कायदेशीर माल आणि पलीकडं महाराष्ट्रातल्या कागलला बंदीचा. भावातला फरक आणि तस्करी समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठं मिळणार? मी प्रकल्प त्यावरच केला. निपाणीच्या एका सहाध्यायानं त्यात खूप मदत केली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कलम 47. नमुन्याचे चार भाग करतात. एक सरकारी अन्न विश्लेषकाकडं तपासणीला, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं (अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचा वरिष्ठ) राखून, आणि चौथा भाग दुकानदारानं मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन अहवाल जुळले नाहीत तर संदर्भ प्रयोगशाळेचा निर्णय अंतिम. मामंजींना हे कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत परत नमुना घेतला तेव्हा मी गल्ल्यावर होते. बरण्यांना दोरा बांधून लाख ओतत होते, लाखेचा वास अख्ख्या दुकानात. मी आधी कन्नड मजकूर एका शेजाऱ्याकडून वाचून घेतला, मग लेखी मागणी दिली: चौथा भाग पाठवा, खर्च आम्ही करतो. साहेबांनी एकदा वर बघितलं आणि अर्ज घेतला. नमुन्याची किंमतही दिली, ती देणं कायद्यातच आहे. दोन्ही अहवाल आले. स्निग्धांश 38 टक्के.

तर कोर्स घ्यायचा का? दुकान असेल तर घ्या, हप्ता जड जात असला तरी. फक्त नोकरीसाठी घेणार असाल तर पुस्तिका सुधारेपर्यंत थांबा. ‘पुढच्या बॅचला बघू’ असं मला तीनदा सांगितलंय, नवी पुस्तिका अजून आलेली नाही. माझ्या प्रतीतलं पान 43 मी लाल पेनानं दुरुस्त केलंय आणि सोबत कलमांचे मराठी अर्थ लिहिलेली अकरा पानं जोडलीत. ज्यांना हवं त्यांनी खाली लिहा, झेरॉक्स पाठवते.